२०४१८ची जन्मवेळ

रेगेसरांनी दार आतून लावून घेतलं, खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली आणि नेहमीपेक्षा खालच्या आवाजात विचारलं, "मोहिते, यमगर दिवसभर मशीनवर काय करतात, तुला माहीत आहे?"

"देखभाल," मी म्हणाले.

"मीही तेच समजत होतो."

धरणापासून अकरा किलोमीटरवर आमचं भूकंपनोंद केंद्र होतं. आसपासच्या डोंगरांत आमची नऊ यंत्रं पुरलेली होती, आणि त्यांचे संकेत सेकंदासेकंदाला केंद्रातल्या एका जुन्या लिनक्स संगणकावर, आमच्या 'मशीन'वर, येत. जमीन हलली की मशीन चाळीस सेकंदांत धरणाच्या कार्यालयाला संदेश पाठवी. निदान पाठवायला हवा होता. तीन दिवसांपूर्वी दुपारी सव्वातीनला धक्का बसला. वरच्या वाडीत मांडणीवरची भांडी खाली आली, सरपंचांचा फोनही येऊन गेला, आणि आमचा संदेश निघाला एकोणीस मिनिटांनी.

"मशीन दमलेलं होतं," सर म्हणाले. "दोन आठवडे हेच चाललंय. आणि फक्त दहा ते पाच. संध्याकाळी सगळं ठीक. म्हणजे माणसाचं काम आहे. यमगरांच्या मेव्हण्याचा तालुक्याला कॉम्प्युटर क्लास आहे. बाहेरची कामं आपल्या मशीनवर चालत असतील तर?"

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"विचारलं. भलतंच कारण सांगतात." ते उठले. "त्यांच्या कराराची मुदतवाढ दहा तारखेच्या बैठकीत आहे. त्याआधी मला कागद हवा. तू भौतिकशास्त्राची. मोजून सांग."

मी चोवीस वर्षांची होते. एमएस्सी होऊन सहा महिने झाले होते, आणि 'मोजून सांग' याहून मोठी शाबासकी मला तेव्हा ठाऊक नव्हती.

विठ्ठल यमगर केंद्रात अकरा वर्षं कंत्राटावर होते. डिप्लोमा झालेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. मशीनची खोली त्यांचीच होती. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले तेव्हा त्यांनी पडद्यावरची एक खिडकी पटकन मिटवली.

"काय मॅडम, आज इकडं?"

"एक यादी बघायची होती. काय चालू आहे त्याची."

"बघा की. मशीन सरकारचं आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "सरांनी पाठवलं व्हय?"

"नाही. माझंच कुतूहल."

"कुतूहल चांगलं," ते म्हणाले, आणि पाठीमागच्या कपाटातून एक वही काढून ती घेऊन बाहेर गेले. वही त्यांनी बरोबर का नेली, हा प्रश्न मी माझ्या वहीत लिहून ठेवला.

अशा मशीनवर कुठलंही काम आपोआप उगवत नाही. चालू असलेलं एक काम, म्हणजे एक प्रोसेस, दुसरीला जन्म देते. जन्मलेल्या प्रत्येकीला नंबर मिळतो, आणि तिच्या नोंदीत तिच्या आईचाही नंबर असतो. मशीन सुरू झाल्यापासून एकूण किती जन्म झाले, याचा एक आकडाही मिळतो. तो मी दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचला आणि वजाबाकी केली. सेकंदाला एकशे नव्वदच्या आसपास जन्म होत होते. संध्याकाळी सहाला पुन्हा वाचला, तर सेकंदाला तीन.

मग सापळा लावला. दर सेकंदाला चालू प्रोसेसची यादी घ्यायची, आधीच्या यादीशी ताडायची, नवीन दिसेल ती नोंदवायची. यादी आटोपशीर राहावी म्हणून ज्यांच्याबद्दल खात्री होती त्या प्रोसेस नावानिशी गाळून टाकल्या. उरलेल्यांमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सापडे: ओळीतला हवा तो शब्द कापून काढणारी एक साधी आज्ञा. ती कुणीही वापरतं. यमगरांनी अकरा वर्षांत लिहिलेल्या आज्ञांच्या फायली तर तिनेच भरलेल्या होत्या. पण ती सापडेपर्यंत तिची आई संपलेली असायची. नंबर लिहून घ्यायचा, शोधायला जायचं, आणि त्या नंबरावर कुणीच नसायचं.

चार दिवसांत अशा चारशे बारा नोंदी झाल्या. दिवसा माझा डबा मशीनच्या खोलीतच उघडायचा. यमगरही तिथेच जेवत. आम्ही एकमेकांकडे पाठ करून भाकरी खायचो.

"सापडतंय काय?" त्यांनी एकदा मागे न बघता विचारलं.

"काय सापडायला हवं?"

"ते तुम्हाला ठाऊक. तुम्ही शोधताय." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "एक करा. तुमची ती चित्रं तासभर थांबवून बघा."

माझी चित्रं म्हणजे नऊही ठिकाणच्या लहरींचे छोटे आलेख. शाळांच्या सहली येत, त्यांच्यासाठी व्हरांड्यातल्या टीव्हीवर ते हलताना दिसावेत अशी सोय मी जानेवारीत केली होती. रेगेसरांनी पाहुण्यांना तो टीव्ही दाखवताना दोनदा माझं नाव घेतलं होतं. मी ते काम लावण्याआधी घड्याळ लावून तपासलं होतं: एका पायरीला चार मिलिसेकंद. हा माणूस बोट दुसरीकडे वळवतोय, इतकंच मला कळलं. तरी प्रयोग म्हणून मी व्हरांड्यात गेले, रिमोटने टीव्ही बंद केला, तासभर थांबले आणि परत येऊन आकडा वाचला. सेकंदाला एकशे शहाण्णव.

"थांबवली होती," मी त्यांना सांगितलं. "काही फरक नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "बरं," एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी दुपारी मी चारशे बारा आईनंबर चालू प्रोसेसशी एकदम ताडले. एक नंबर लागला. २०४१८. ती प्रोसेस जिवंत होती, यमगरांच्या खात्यातून चालू होती, आणि तिचं नाव होतं 'जागल्या'. केंद्राच्या कुठल्याही कागदावर या नावाचा प्रोग्राम नव्हता. गावावर पहारा ठेवणाऱ्याचं नाव आपल्या गुपचूप कामाला द्यायचं, हा मला चावटपणा वाटला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

अहवाल पानभर झाला. 'अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी जन्मलेल्या प्रोसेसची जननी क्रमांक २०४१८ असून ती श्री. यमगर यांच्या खात्यातून चालू असल्याचे निश्चितपणे आढळले.' निश्चितपणे हा शब्द मी खोडला, आणि पुन्हा लिहिला.

सरांनी तो उभ्याउभ्याच वाचला. त्या संध्याकाळी यमगरांचं खातं बंद झालं. त्यांना वाचनालयात बसवलं, जुन्या कागदी नोंदी तारीखवार लावायला. जीपचा ड्रायव्हर त्यांच्याच गावचा होता, त्यामुळे बातमी त्यांच्याआधी घरी पोचली.

मशीन मात्र दुसऱ्या दिवशीही दहाला दमलं. सर म्हणाले, "काहीतरी लावून ठेवलं असेल त्यांनी. शोधून काढ." मशीनचे सगळे अधिकार आता माझ्याकडे आले होते.

दोन दिवसांनी एक जुना आलेख हवा होता म्हणून मी वाचनालयात गेले. टाळलं असतं तर बरं, असं वाटत होतं. यमगर लांब टेबलावर कागदाच्या गुंडाळ्या पसरून बसले होते. त्यांनी मला हवी ती गुंडाळी न विचारता काढून दिली.

"मॅडम, तो कागद सरांनी मला दाखवला. एक विचारू?"

"विचारा."

"नंबराबरोबर जन्मवेळ लिहून घेतली होती का?"

"लिहिली आहे की. अकरा बेचाळीस."

"ती मुलाची. आईची?"

मी हातातली गुंडाळी टेबलावर ठेवली.

"नाही, सहज विचारलं," ते म्हणाले आणि पुन्हा गुंडाळी उलगडू लागले. "आपल्या मशीनवर नंबर बत्तीस हजार सातशे अडुसष्टच्या पुढं जात नाहीत. संपले की रिकामे झालेले परत वाटतात. तुमचं गणित चांगलं, बघा करून."

जिना चढतानाच मी भागाकार केला. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट भागिले एकशे शहाण्णव. एकशे सदुसष्ट सेकंद. म्हणजे तीन मिनिटांच्या आत मशीनचे सगळे नंबर वापरून होत होते, आणि मेलेल्या प्रोसेसचा नंबर नव्या जन्मलेलीला मिळत होता.

जागल्या अजून चालू होता. खातं बंद केलं तरी चालू प्रोसेस कुणी मारली नव्हती. मी त्याची जन्मवेळ काढली. त्याच दिवशीची, अकरा पंचेचाळीस; त्या दिवशी यमगरांनी तो नव्याने सुरू केला असावा. माझ्या अहवालातली आई तिच्या मुलापेक्षा तीन मिनिटांनी लहान होती. चारशे बारा नंबर हवेत फेकले होते मी; त्यातला एखादा कुणावर तरी पडणारच होता. उरलेल्या चारशे अकरांचा उल्लेख अहवालात नव्हता.

मग मी जागल्या उघडून वाचला. दीडशे ओळी होत्या. तो याद्या घेत नव्हता. त्याने मशीनच्या गाभ्यालाच, कर्नलला, सांगून ठेवलं होतं: जन्म झाला की मला कळव, मृत्यू झाला की कळव. बाकी वेळ तो झोपलेला असे. निरोप आला की उठायचं, मूल कोण, आई कोण, जन्मवेळ काय, हे लिहायचं आणि पुन्हा झोपायचं. अर्ध्या मिलिसेकंदात मरणारंही त्याच्या हातून सुटत नव्हतं, आणि मशीनला त्याचा भारही नव्हता. माझा सापळा मात्र प्रत्येक सेकंदाला स्वतःच चार प्रोसेस जन्माला घालत होता. आत एक टीप होती: 'नंबर म्हणजे ओळख नव्हे. नंबर आणि जन्मवेळ मिळून ओळख.'

त्याची नोंदवही मी शेवटच्या अकरा मिनिटांपुरती मोजली. एक लाख एकोणतीस हजार जन्म. आईच्या नावाने वर्गवारी लावली. अगदी वर, शंभरातल्या शहाण्णवांच्या पुढे, एकच नाव होतं. माझ्या चित्रांच्या फायलीचं.

नऊ यंत्रं, प्रत्येकाच्या तीन दिशा, म्हणजे सेकंदाला सत्तावीस तुकडे. प्रत्येक तुकड्यासाठी माझी फाईल स्वतःच्या एका क्षणिक प्रतीसकट सात छोट्या प्रोसेस जन्माला घाले; आई ती प्रत असे, म्हणून ती मला कधी जिवंत सापडली नव्हती. एकीला चार मिलिसेकंद लागत, हे मी मोजलं होतं. सेकंदाला किती, हे नाही. चित्रं दहा ते पाच चालावीत असं मीच यमगरांना सांगितलं होतं, आणि त्यांनी मशीनच्या वेळापत्रकात तसं घातलं होतं. टीव्ही बंद असो की चालू, ती चालतच होती. आणि माझ्या सापळ्यातून, खात्रीच्या म्हणून, मी पहिलं नाव गाळलं होतं ते त्याच फायलीचं.

मी चित्रं थांबवली. दहा सेकंद मोजले. जन्म, सेकंदाला सात. सापळाही थांबवला. तीन.

वाचनालयात परत गेले तेव्हा यमगर चष्मा पुसत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"पहिल्या आठवड्यातच वाटलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सरांना सांगितलं की. ते म्हणाले, पोरगी हुशार आहे, तिच्या कामाला नावं ठेवू नका. म्हटलं ठीक आहे, मोजून दाखवू. मी मोजायला बसलो तर तुम्ही मलाच मोजायला बसलात."

"मला सांगायचं होतं."

"तुम्हाला?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मॅडम, तुम्ही आलात त्याच महिन्यात हे सुरू झालं. माझा करार संपायला आला, आणि खोलीत एक एमएस्सी येऊन बसली. माझ्या जागेवर तुम्हालाच आणलंय, आणि मशीन मुद्दाम बिघडवताय, असं धरून चाललो होतो मी. जागल्या तुमच्यावरच ठेवला होता. खिडकी मिटवायचो ती तुमचीच नोंद असायची, वहीतही तीच."

"मी मुद्दाम नाही केलं."

"ते तुम्ही टीव्ही बंद करून आलात ना, तेव्हा कळलं. मुद्दाम करणारा एवढा येडेपणा करत नाही."

"मग तेव्हा तरी?"

"तेव्हा सांगणारच होतो. दुसऱ्या दिवशी तुमचा कागद गेला."

रेगेसरांनी माझा दुसरा अहवाल खुर्चीत बसून, सावकाश वाचला.

"थांबवलंस ना ते?"

"हो."

"संदेश वेळेत जातायत?"

"अडतीस सेकंद."

"मग झालं." त्यांनी कागदाची घडी घातली. "उद्याच्या बैठकीपुढे हा कशाला? आठवड्यात एकाच माणसाचे दोन अहवाल, एक दुसऱ्याला खोटा पाडणारा. केंद्राचं हसं होईल."

"पण यमगरांची मुदतवाढ—"

"विनापरवाना प्रोग्राम त्यांनी चालवलाच होता. ते काही खोटं नाही. आणि मोहिते, पीएचडीच्या अर्जाला शिफारसपत्र लागतं. मी तुझ्याबद्दल चांगलं लिहिणार आहे. लिहू दे मला."

घडी घातलेला कागद त्यांनी खणात ठेवला. माझ्याकडे दुसरी प्रत होती. मोजमापाची प्रत ठेवावी, हे एवढं एक मी पहिल्यापासून करत आले होते.

बैठक अकराला होती. समितीच्या अध्यक्ष डॉ. ओगले, निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ. गुडघे दुखत म्हणून त्या इतरांच्या आधी येऊन बसत. मी पावणेअकराला त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी तो वाचेपर्यंत बाकीचे आले. रेगेसर आत आले, मला बघून दारातच थांबले, आणि मग आपल्या खुर्चीवर बसले.

"मला यातलं निम्मंच कळलं," ओगलेबाई म्हणाल्या. "तुमच्या चित्रांनी मशीन दमलं आणि तुम्ही दुसऱ्याचं नाव लिहिलं. बरोबर?"

"बरोबर."

"पहिल्या अहवालात तुम्ही 'निश्चितपणे' लिहिलंय. कशावरून?"

उत्तर तयार होतं माझ्याकडे: नंबरांचा पुनर्वापर, नमुन्यातली त्रुटी. पण ते त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"त्यांनीच केलं असणार असं आधी ठरलं होतं," मी म्हणाले. "मग मोजलं."

"कुणी ठरवलं होतं?"

रेगेसर टेबलाकडे बघत होते.

"मी," मी म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं बोलायला मला पुरेसा धीर झाला नाही, आणि ओगलेबाईंनी रेगेसरांकडे वळून जो वेळ घेतला, त्यावरून त्यांना ते न बोलताच कळलं असावं.

यमगरांची मुदतवाढ मंजूर झाली. माझं पद मार्चमध्ये संपलं. शिफारसपत्र आलं, तीन ओळींचं.

त्या दिवशी दुपारी मी वाचनालयात निकाल सांगायला गेले. यमगरांनी ऐकून घेतलं. आभार मानले नाहीत. मानायचं काही नव्हतंही. गुंडाळ्यांना दोरा बांधत म्हणाले, "तो कागद आहे तुमच्याजवळ?"

"आहे. तुम्हाला हवाय?"

"मला काय करायचाय. घरी चला. बायकोला तुम्हीच सांगा. चार दिवस गावात लोक विचारतायत, साहेबांनी यमगरांना कशात धरलं. मी सांगितलेलं कुणी धरत नाही."

त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी गेले. घर रस्त्यालगतच होतं. ओसरीवर शिलाई मशीनपाशी त्यांच्या पत्नी शालनवहिनी एका ब्लाउजला हुक लावत होत्या. यमगर म्हणाले, "ह्या मोहिते मॅडम," आणि हातपाय धुवायचं निमित्त करून मागच्या अंगाला गेले.

वहिनींनी सुई कापडात टोचून ठेवली. "तुम्हीच लिहिलं ना ते?"

"हो. ते सांगायलाच आलेय."

प्रोसेस, नंबर, यातलं काहीच मी बोलले नाही. मशीन माझ्या चुकीने अडत होतं, त्यांनी ती चूक शोधली होती, आणि मी त्यांचंच नाव लिहिलं, असं सांगितलं. कागद पुढे केला. आज बैठकीत हे सगळ्यांसमोर बोलून आल्याचंही सांगितलं.

त्यांनी तो घेतला, पण वाचला नाही. "म्हणजे ह्यांनी काहीच केलं नव्हतं? भावाच्या क्लासचं, बाहेरचं काही?"

"काहीच नाही."

"एवढंसुद्धा नाही?"

"नाही."

मागे बादलीत नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. वहिनींनी त्या दिशेने पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणला.

"पहिल्या दिवशी जेवायला वाढताना मीच म्हटलं होतं, खरं काय ते मला तरी सांगा. माझ्या भावासाठी केलं असेल तर तसं सांगा. ताटावरून उठले. तेव्हापासून माझ्याशी नीट बोललेले नाहीत." कागदाची कड त्या बोटांनी सरळ करत राहिल्या. "तुम्ही लिहून मोकळ्या झालात, मॅडम. मी काय लिहू?"

नळ बंद झाला. त्यांनी कागद घडी करून ब्लाउजच्या कापडाखाली सरकवला, उठल्या आणि टॉवेल घेऊन मागच्या दाराकडे गेल्या.